ओळखीची इंग्रजी

(इंग्रजी म्हटले की अनेक विद्यार्थ्यांना भीती वाटते. परंतु रोजच्या बोलण्यात आपण कितीतरी इंग्रजी शब्द वापरतो. हे शब्द आपल्याकडे कसे आले, त्यांचे अर्थ कसे बदलले आणि रोजच्या उपयोगाची इंग्रजी वाक्ये कशी शिकावीत, हे या पाठात सांगितले आहे.)

"मला इंग्रजी येत नाही," असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. असे म्हणणाऱ्या एखाद्या मुलाचा दिवस पाहू या. तो सकाळी उठून ब्रश करतो. टॉवेलने तोंड पुसतो आणि युनिफॉर्म घालतो. बसचे तिकीट काढतो. वर्गात बेंचवर बसून पेनने लिहितो. सुट्टीत क्रिकेट खेळतो आणि आऊट झाला की भांडतो. संध्याकाळी अम्मी त्याला सांगते, "लाईट लाव आणि गॅस बंद आहे का ते पाहा." मुलांनो, एवढ्या लहान वर्णनात अकरा इंग्रजी शब्द आले! मग इंग्रजी आपल्याला अगदीच अनोळखी कशी?

एका भाषेने दुसऱ्या भाषेतून शब्द घेणे ही जुनी रीत आहे. मराठीने फारसी-अरबीतून खुर्ची, दप्तर, कागद असे शब्द घेतले. तुम्ही ते कुर्सी, दफ्तर, कागज म्हणून ओळखता. बटाटा, पाव आणि चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. पुढे इंग्रजांबरोबर नव्या वस्तू आल्या आणि त्यांची नावेही आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी रेल्वे धावली. रेल्वेबरोबर स्टेशन, सिग्नल, गार्ड, प्लॅटफॉर्म हे शब्दही लोकांच्या तोंडी बसले.

पाहुणा ज्या घरी जातो, त्या घराची रीत पाळतो. शब्दांचेही तसेच असते. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. म्हणून उर्दूत आपण 'स्टेशन आ गया' म्हणतो, तर मराठीत 'स्टेशन आले' असे म्हणतो. शब्द एकच, पण दोन घरांत त्याची वागणूक वेगळी.

इंग्रजीनेही आपल्याकडून शब्द घेतले आहेत. 'पाजामा' आणि 'खाकी' हे शब्द इंग्रजी शब्दकोशात आहेत. मराठीतील मुंगूस पोर्तुगीजांच्या मार्फत इंग्रजीत गेले आणि 'माँगूस' झाले. गणितातील 'अल्जिब्रा' हा शब्द अरबी 'अल-जब्र'पासून आला. नवव्या शतकातील गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथामुळे तो जगभर गेला. 'मॅगझिन' हा शब्द तर अरबी 'मखजन'शी नाते सांगतो. मखजन म्हणजे कोठार. उर्दूतील 'खजाना' आणि मराठीतील 'खजिना' हे त्याच मुळाचे शब्द आहेत. तेव्हा इंग्रजी पुस्तक उघडताना आपण अगदी परक्या घरात जातो, असे समजू नये.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. काही शब्दांचे अर्थ आपल्याकडे येऊन बदलले आहेत. चहा-भजी मिळणाऱ्या दुकानाला आपण 'हॉटेल' म्हणतो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे प्रवाशांनी पैसे देऊन मुक्काम करण्याची जागा. उर्दूत 'कॉपी' म्हणजे वही. मराठीत 'कॉपी केली' म्हणजे परीक्षेत चोरून लिहिले. इंग्रजीत कॉपी म्हणजे नक्कल किंवा प्रत. परीक्षेतील लबाडीला तेथे 'चीटिंग' म्हणतात. आपण 'लाईट गेली' म्हणतो, तेव्हा वीज गेलेली असते. इंग्रजीत त्यासाठी 'पॉवर' हा शब्द वापरतात.

दुसरी गोष्ट वाक्यांची. नुसते शब्द पाठ करून भाषा येत नाही. मराठीत आपण म्हणतो, 'मला भूक लागली आहे.' उर्दूत म्हणतो, 'मुझे भूक लगी है.' दोन्ही वाक्यांची रचना सारखीच आहे. इंग्रजीत मात्र 'आय अॅम हंग्री' म्हणतात. म्हणजे 'मी भुकेला आहे.' तसेच 'माझे डोके दुखते' हे सांगताना इंग्रज माणूस 'आय हॅव अ हेडेक' म्हणतो. त्याच्या भाषेत डोकेदुखी जणू त्याच्याजवळ असते! अशा वेळी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले, तर वाक्य बिघडते. म्हणून संपूर्ण वाक्य ऐकावे, संपूर्ण वाक्य बोलावे आणि तेच लक्षात ठेवावे.

आता आदराविषयी पाहू. उर्दूत तू, तुम आणि आप आहे. मराठीत तू, तुम्ही आणि आपण आहे. 'पाणी द्या' एवढे म्हटले तरी मराठीत आदर दिसतो, कारण तो क्रियापदातच असतो. इंग्रजीत लहान-मोठ्या सर्वांसाठी 'यू' हा एकच शब्द आहे. मग आदर कसा दाखवायचा? त्यासाठी इंग्रजीत वेगळी वाक्ये आहेत. 'गिव्ह मी वॉटर' हे वाक्य चुकीचे नाही, पण ते हुकमासारखे वाटते. 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' असे म्हटले की ते नम्र होते. वर्गात शिरताना 'मे आय कम इन?', गर्दीतून वाट मागताना 'एक्सक्यूज मी', चुकून धक्का लागला तर 'सॉरी' आणि मदत मिळाली की 'थँक यू' म्हणावे. हे शब्द म्हणजे इंग्रजीचा अदब आहे.

बाहेर गेल्यावर पाट्या वाचण्याची सवय लावा. बँकेच्या दारावर 'पुश' लिहिले असेल, तर दार ढकला. 'पुल' लिहिले असेल, तर ओढा. हा पुल नदीवरचा नव्हे! पैसे भरण्याच्या चिठ्ठीवर 'डिपॉझिट' आणि काढण्याच्या चिठ्ठीवर 'विड्रॉल' असे असते.

घरातही असे वाचन उपयोगी पडते. दादीच्या गुडघ्याला लावायचे औषध आणि लहान भावाचे खोकल्याचे औषध पुष्कळदा एकाच फळीवर ठेवलेले असते. एका बाटलीवर 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' असे असते. म्हणजे हे औषध फक्त बाहेरून लावायचे, पोटात घ्यायचे नाही. दुसरीवर 'शेक वेल बिफोर यूज' असे असते. म्हणजे घेण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी. 'एक्सपायरी' या शब्दापुढे जी मुदत छापलेली असते, ती संपल्यावर औषध वापरू नये. घरात इंग्रजी वाचणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल. तेव्हा हे चार शब्द वाचता येणे परीक्षेतील चार गुणांपेक्षा मोलाचे आहे. शब्द कळला नाही, तर अंदाज करू नका. औषधाच्या दुकानदाराला विचारा आणि खुशाल मराठीत विचारा.

यासाठी एक छोटी वही करा. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात मराठी आणि तिसऱ्यात उर्दू लिहा. रोज एक वाक्य लिहिले, तर वर्षात ३६५ वाक्ये होतात. पहिले वाक्य हे लिहा : 'आय डोन्ट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन.' म्हणजे, 'मला समजले नाही. कृपया पुन्हा सांगा.' ज्याला हे वाक्य न लाजता बोलता येते, त्याला पुढची सर्व वाक्ये शिकता येतात.

शब्दार्थ

रीत – पद्धत, तरीका
कोठार – साठा ठेवण्याची जागा
सावधगिरी – खबरदारी, एहतियात
मुक्काम – राहणे, कयाम
नम्र – विनयाने वागणारा
अदब – आदराने वागण्याची रीत
रकाना – कागदावरील उभा भाग, खाना
मोलाचे – किमती

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिली प्रवासी रेल्वे कोठून कोठे धावली?
(आ) 'मॅगझिन' या शब्दाचे नाते कोणत्या अरबी शब्दाशी आहे?
(इ) वहीत पहिले वाक्य कोणते लिहावे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शब्दाला शब्द ठेवून भाषांतर का करू नये?
(आ) इंग्रजीत आदर कसा दाखवतात?

प्र. ३. पुढील शब्द मराठी वाक्यांत वापरा व त्यांचे लिंग ओळखा.
स्टेशन, तिकीट, बस, खुर्ची

उपक्रम : घरातील एका औषधाच्या वेष्टनावरील तीन इंग्रजी शब्द लिहून आणा. त्यांचे मराठी व उर्दू अर्थ वर्गात सांगा.