शिंगांमधून येणारे पंचांग

बेंगळुरूच्या गवीपुरम भागात खडकात कोरलेले गवी गंगाधरेश्वराचे मंदिर आहे. कानडीत गवी म्हणजे गुहा. मकरसंक्रांतीस मावळतीकडे कललेल्या सूर्याचे किरण येथील नंदीच्या शिंगांमधून वाट काढीत आतील शिवलिंगावर पडतात. या काही मिनिटांच्या दर्शनासाठी दरवर्षी गर्दी लोटते. येथे ना चक्र आहे, ना लोलक. दगडात राखलेली फट आणि सूर्याची ठरलेली चाल, एवढ्यावर हे पंचांग चालते.

सूर्य नेमका पश्चिमेस मावळतो तो मार्च व सप्टेंबरातील विषुवदिनांच्या सुमारासच. २२ डिसेंबरच्या सुमारास बेंगळुरूहून तो पश्चिमेच्या दक्षिणेस सुमारे २४ अंशांवर मावळतो, तर १४ जानेवारीस सुमारे २२ अंशांवर. तीन आठवड्यांत सरकला तो अवघे दोन अंश! मार्चमध्ये एवढे अंतर तो पाच दिवसांत काटतो. संक्रांतीचा प्रकाश एकाच दिवशी न पडता तीन-चार दिवस पडतो, तो या मंद गतीमुळे.

पण दक्षिणेकडे जातानाही सूर्य याच जागेवरून गेला असेलच. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू तारालयातील अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच दाखविले. शिवलिंग नोव्हेंबरअखेरही उजळते. मात्र तेव्हा गर्दी नसते. थॉमस व विल्यम डॅनियल यांच्या १७९२ च्या चित्रांशी ताडून पाहता, पूर्वी येथे बांधकामे कमी होती व प्रकाश अयनदिनी पडत असे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. संक्रांत व अयनदिन एकच, हा समज अद्याप रूढ आहे. वस्तुतः सुमारे १,७०० वर्षांपूर्वी ते एकत्र येत. परांचनगतीमुळे संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग शाळेत करून पाहावा. पश्चिमेच्या खिडकीस पुठ्ठा लावून त्यास लहान भोक पाडावे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर शनिवारी ठरलेल्या वेळी प्रकाशाचा ठिपका जेथे पडेल, तेथे खडूने खूण करून तारीख लिहावी. खुणा एका बाजूस सरकत जाऊन डिसेंबरअखेर परत फिरतील. मात्र जातानाची व येतानाची वाट एक नसेल, कारण सूर्य घड्याळाच्या काट्याबरहुकूम चालत नाही. नोव्हेंबरअखेर तो आकाशात ज्या जागी दिसतो, तेथेच जानेवारीच्या मध्यास सुमारे २० मिनिटे उशिरा पोहोचतो.