पाईप, प्रेशर आणि पाय

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण शिकलो, की पाईपची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच प्रेशरला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. पायाच्या धमनीचंही साधारण तसंच असतं. आमच्या अकोटकडे बिडी-खर्रावाले पुष्कळ, त्यात डायबिटीसची भर. आधी चालताना पोटरी दुखते, मग झोपेतही पाय ठणकतो, जखम भरत नाही, बोट काळं पडतं.

सर्जनकडे दोन मार्ग असतात : फुग्याने धमनी रुंद करणं, किंवा बायपास, म्हणजे रुग्णाच्याच शिरेची दुसरी लाईन टाकणं. २०२२ च्या 'बेस्ट-सीएलआय' अभ्यासात, चांगली शीर असलेल्यांपैकी पाय कापणं, पुन्हा मोठा इलाज किंवा मृत्यू हे बायपासनंतर ४२.६ टक्क्यांच्या वाट्याला आलं, फुग्याच्या मार्गाने ५७.४. पण २०२३ च्या 'बेसिल-२' मध्ये, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी, उलटं दिसलं : पाय गमावणं किंवा मृत्यू बायपासनंतर ६३ टक्के, फुग्यानंतर ५३.

म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. आणि उत्तम ऑपरेशननंतरही धोका मोठाच राहतो. म्हणून मला वाटतं, खरी संधी ऑपरेशनच्या आधीच असते. सुट्टीत घरी गेलात आणि आजोबा चालता चालता पोटरी धरून थांबले, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्या. आणि होस्टेलच्या गच्चीवरची आपली सिगारेट? तीही आजच विझवा!