जुन्या पिकअपच्या इंजिनाच्या व्हॅक्यूम नळ्या : कोणती कुठे जोडावी?



आपल्यापैकी पुष्कळांच्या गोठ्याशेजारी अजून एखादी जुनी पेट्रोल जीप किंवा पिकअप उभी असते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्यांनी पुढे खेडोपाडी बेणं, खत, भाजी आणि डिझेलचे कॅन वाहिले. आता नवे सुटे भाग मिळणे अवघड झाले, तरी घरची गाडी म्हणून लोक ती सांभाळतात.

आमच्या एका सभासदांचे नातेवाईक वसई तालुक्यात उमेळे येथे राहतात. त्यांच्या जुन्या पिकअपचे इंजिन खोलून पुन्हा बसवले, तेव्हा चार-पाच रबरी नळ्या मोकळ्या राहिल्या. गाडी सुरू होई, पण जागेवर धडधडे, ब्रेक कडक लागे आणि पेट्रोल जास्त खाई. "कोणती नळी कुठं लावायची ते सोप्या भाषेत लिहा," अशी त्यांची मागणी आहे. ती अडचण अनेकांची असल्याने हा पाठ देत आहोत.

व्हॅक्यूम म्हणजे काय?

आपल्याला हे नवे नाही. कारखान्यात पॅनमधली हवा ओढून घेतात, म्हणून पाक ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतो आणि साखर करपत नाही. कुठे सांधा गळला की गेजचा काटा उतरतो आणि पॅनवाल्याची धावपळ सुरू होते. विहिरीवरच्या पंपाचेही तेच. सक्शन पाइपाला बारीक भोक पडले तर पंप हवा धरतो आणि पाणी चढत नाही.

इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असली की हवेला वाट मिळत नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. गाडी जागेवर चालू असताना ही ओढ जास्त असते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती जवळजवळ संपते. याच फुकटच्या ओढीवर गाडीतली बरीच कामे होतात.

नळ्यांची ओळख

१. ब्रेक बूस्टरची नळी : बूस्टर असलेल्या गाडीत हीच सर्वांत जाड. मॅनिफोल्डपासून बूस्टरपर्यंत जाते. वाटेत किंवा बूस्टरच्या तोंडाशी एकमार्गी वॉल्व्ह असतो. हवा बूस्टरकडून इंजिनाकडे जावी, उलटी येऊ नये, हे त्याचे काम. वॉल्व्ह काढून स्वच्छ पुसून फुंकर मारून बघा. बूस्टरच्या बाजूने फुंकले तर हवा जावी, इंजिनाच्या बाजूने जाऊ नये.

२. डिस्ट्रिब्युटरची नळी : बारीक असते. डिस्ट्रिब्युटरला गोल डबी असेल तरच ही नळी लागते. जुन्या जीपच्या काही इंजिनांना ती डबी नसतेच, तेव्हा नसलेली नळी शोधत बसू नये.

३. तेलाच्या वाफेची नळी : इंजिनाच्या पोटातला धूर मॅनिफोल्डकडे नेते. तिच्यातला छोटा वॉल्व्ह काढून हलवला की खडखड वाजला पाहिजे. वाजला नाही तर तो चिकटला आहे असे समजावे.

४. वायपरची नळी : जुन्या गाड्यांचे वायपर ओढीवर चालत. ही नळी मॅनिफोल्डला किंवा पेट्रोल पंपाच्या वरच्या भागाला जाते.

दोन तोंडांचा घोटाळा

नळ्या उलटसुलट होतात त्या इथेच. मॅनिफोल्डवरच्या तोंडाला इंजिन जागेवर चालू असतानाही पूर्ण ओढ असते. कार्बोरेटरवर झडपेच्या किंचित वर एक बारीक तोंड असते. त्याला जागेवर ओढ नसते, झडप थोडी उघडली की येते. बहुतेक गाड्यांत डिस्ट्रिब्युटरची नळी या बारीक तोंडाला लावतात. ती मॅनिफोल्डला लावली तर स्पार्क जागेवरच पुढे सरकतो आणि इंजिन रेस राहते. बूस्टरला मात्र थेट मॅनिफोल्डचीच ओढ हवी, नाहीतर उतारावर नेमके ब्रेक लागायच्या वेळी पेडल दगडासारखे होईल. शंका असल्यास इंजिन जागेवर चालू ठेवून तोंडावर बोट धरावे. बोट ओढले गेले तर ते मॅनिफोल्डचे तोंड.

जोडणी करताना

इंजिन थंड असावे, हँडब्रेक ओढलेला असावा आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडावे. बिडी-काडी लांब ठेवावी. नळी काढण्याआधी दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिंधी बांधावी किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. एका वेळी एकच नळी बदलावी.

नळी तोंडावर घट्ट बसली पाहिजे. बसत नसेल तर ग्रीस लावू नये. साबणाच्या पाण्याचे दोन थेंब पुरतात. बूस्टरला साधा मऊ पाइप लावू नये, ओढीने तो चपटा होतो. पाणी ओढायला आपण कडक सक्शन पाइपच वापरतो, तसेच हे. नळी सायलेन्सरच्या गरम पाइपाला, पंख्याच्या पट्ट्याला किंवा ॲक्सिलरेटरच्या दांड्यांना लागू देऊ नये. रिकाम्या राहिलेल्या तोंडाला रबरी टोपी लावावी. चिंधीचा बोळा कोंबला तर इंजिन तो आत ओढेल.

उमेळ्यासारख्या खाडीकाठी दमट, खाऱ्या हवेने क्लॅम्प आणि तोंडे लवकर गंजतात. आपल्याकडे उसाच्या फडाजवळ उंदीर नळ्या कुरतडतात. म्हणून पावसाळा संपला की सगळ्या नळ्या वाकवून बघाव्या. चीर दिसली की बदलावी, चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही.

तपासणी

इंजिन सुरू करून सुस्स आवाज ऐकावा. दीड हात रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांवरून फिरवले की गळती बरोबर सापडते. सांध्यांवर पेट्रोल टाकून गळती शोधणारे मिस्त्री आहेत. तसे कदापि करू नये, गाडी पेटते. व्हॅक्यूम गेज मिळाल्यास समुद्रसपाटीला, म्हणजे उमेळ्याला, निरोगी इंजिन जागेवर साधारण १७ ते २१ इंच स्थिर दाखवते. दर हजार फूट उंचीला एक इंच कमी धरावा. पुणे सुमारे १८०० फुटांवर आहे, तिथे दोनेक इंच कमी दिसले तर घाबरू नये.

ब्रेकसाठी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर कामाला लागला. हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

गळती असताना कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून इंजिन 'सेट' करू नये. बाहेरची हवा शिरून मिश्रण पातळ झालेले असते. स्क्रूने पेट्रोल वाढवले की धडधड झाकली जाते, पण खिसा रिकामा होतो. आधी नळी, मग स्क्रू.

डिझेलवाल्यांसाठी इशारा

साध्या डिझेल इंजिनाला हवेची झडप नसते, म्हणून बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पण काही जुन्या डिझेल इंजिनांचा गव्हर्नरच ओढीवर चालतो. त्याची नळी सुटली वा फाटली तर पंप पूर्ण डिझेल सोडतो आणि इंजिन आवरेनासे होऊन फुटू शकते. "बघू तरी" म्हणूनसुद्धा ती नळी सोडून इंजिन सुरू करू नये. इंजिन पळालेच तर स्टॉपचा दांडा ओढावा आणि पंख्यासमोरून सर्वांनी बाजूला व्हावे.

गळीत हंगामात मिस्त्री वेळेवर भेटत नाही. तेव्हा हंगामाआधी एक सकाळ काढून एवढी तपासणी घरच्या घरी करून घ्यावी, ही सर्व सभासदांना विनंती.