खाणीच्या रेल्वेचा लाकडी पूल

अमेरिकेत कोलोरॅडो भागात डोंगरात चांदीच्या खाणी होत्या. तेथे १८७१ साली अरुंद रूळांची रेल्वे सुरू झाली. पुढे ती खाणींपर्यंत गेली. दोन रुळांत अंतर फक्त ३ फूट. घळ आली की लाकडाचे उंच घोडे उभे करून त्यांवर रूळ टाकत. अशा पुलाला ट्रेसल म्हणतात.

आम्ही शाळेच्या बागेत तसा छोटा पूल केला. खऱ्याचा २० वा भाग असे प्रमाण धरले. खरा घोडा ५ मीटर उंच, तर आमचा २५ सेंमी. ३ फूट म्हणजे सुमारे ९१ सेंमी. त्याला २० ने भागले की जवळजवळ साडेचार सेंमी येतात. तेवढेच अंतर रुळांत ठेवले.

एका घोड्याला बांबूच्या चार कामट्यांचे पाय. मधले दोन सरळ, कडेचे दोन खाली फाकलेले. वर आणि खाली आडवी कामटी सुतळीने बांधायची. एवढ्यावर घोडा ढकलला तर डुलतो. मग दोन तिरप्या कामट्यांची फुली बांधायची, की तो घट्ट होतो. चौकोन दाबला तर वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. घराच्या छपराची कैची म्हणूनच त्रिकोणी असते. दोन घोड्यांच्या मध्येपण तिरपी कामटी हवी, नाहीतर सगळे घोडे एका बाजूला कलंडतात.

शेवटी पुलावर वीट ठेवली. पूल जरासुद्धा हलला नाही! मित्रांनो, तुम्हीपण करून बघा.

– इयत्ता ४ थी