संधीची वाट पाहणारा खेळाडू कसा पारखावा?

(अभ्यासपाठ : शिक्षक, वसतिगृहप्रमुख व क्रीडा कार्यकर्त्यांसाठी)

मुलांमध्ये काम करणाऱ्याला संघ निवडण्याचा प्रसंग टळत नाही. अकरा जण मैदानात जातात, बाकीचे कडेला बसतात. कडेला बसलेल्या मुलाबद्दल आपण काय ठरवतो आणि कशावरून ठरवतो, याचा विचार करण्यासाठी या वेळी अमेरिकेतील दोन खेळाडूंचे उदाहरण घेतले आहे.

१. खेळाची ओळख

अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलहून अगदी वेगळा आहे. चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन पळतात, हाताने फेकतात. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक आणि पुढे धावत जाऊन तो झेलणारा तो रिसीव्हर. रिसीव्हर मान वळवून पाहतो, त्याच्या आधीच पुष्कळदा चेंडू हातातून सुटलेला असतो. त्यामुळे ठरलेल्या पावलाला वळून ठरलेल्या जागी पोहोचावेच लागते. दोन पावले चुकली तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. शिवाय चेंडू दुसऱ्याकडे असताना समोरच्याला अडवून सोबत्याची वाट मोकळी करणे, हेही रिसीव्हरचेच काम. म्हणून प्रशिक्षक नुसता वेग पाहत नाहीत, भरवसा पाहतात.

२. एकाच वर्षी आलेले दोघे

२०१३ साली व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत २५४ खेळाडू निवडले गेले. मिनेसोटा व्हायकिंग्स संघाने कॉर्डारेल पॅटरसन या रिसीव्हरला पहिल्याच फेरीत, २९ व्या क्रमांकावर घेतले. अ‍ॅडम थीलन मात्र या २५४ जणांत नव्हता. तो मिनेसोटातल्याच डेट्रॉइट लेक्स गावचा. महाविद्यालयात खेळण्यासाठी त्याला अवघ्या ५०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली होती. व्हायकिंग्सच्या चाचणी शिबिरातून तो संघात आला, पण हंगामाच्या तोंडावर अंतिम यादीतून गळला. मग त्याला सराव पथकात ठेवले गेले. रोज सराव करायचा आणि सामना बाहेरून पाहायचा, असे त्याचे पहिले वर्ष गेले.

३. पुढे काय झाले?

थीलनला २०१४ मध्ये संघात जागा मिळाली, पण ती मुख्यतः चेंडू लाथेने उडवला जातो त्या वेळच्या खेळासाठी. हे कष्टाचे काम असते आणि त्यात नाव फारसे होत नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला कॅरोलायना संघाची अशी एक किक त्याने अडवली आणि चेंडू उचलून थेट गोलरेषेपार नेला. तरीही रिसीव्हर म्हणून त्याचे झेल २०१४ मध्ये ८ आणि २०१५ मध्ये १२ एवढेच होते. २०१६ मध्ये नियमित संधी मिळाली तेव्हा ते ६९ झाले. २०१८ मध्ये हंगामाच्या पहिल्या आठही सामन्यांत त्याने प्रत्येकी शंभर यार्डांहून अधिक मजल मारली. हंगामाची अशी सुरुवात त्याआधी कोणीही केली नव्हती.

पॅटरसनचे उलट झाले. पहिल्या वर्षी त्याने ४५ झेल घेतले, तर २०१५ मध्ये फक्त २. मग तो अपयशी ठरला का? मुळीच नाही. उडवलेला चेंडू घेऊन परत धावण्यात त्याची बरोबरी करणारे फार थोडे. २०१३ मध्येच त्याने असा चेंडू १०९ यार्ड नेला होता. अशा धावांतून कारकिर्दीत त्याने ९ वेळा गोलरेषा ओलांडली आणि हा विक्रम ठरला.

४. यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, संधी न मिळणे आणि पात्रता नसणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. ८ आणि १२ हे आकडे पाहून थीलनला कोणीही सामान्य म्हटले असते. पण ज्याला मैदान मिळाले नाही, त्याचे आकडे त्याच्याविषयी थोडेच सांगतात.

दुसरी गोष्ट, वाट पाहण्याच्या काळात मूल काय करते ते बारकाईने पाहावे. दुय्यम वाटणारे काम ते मनापासून करते का? काल झालेली चूक आज सुधारते का?

तिसरी गोष्ट, ‘हा मुलगा चांगला आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. ‘हा कोणत्या जागी चांगला आहे?’ हेही विचारावे. पॅटरसनला जागा बदलून पाहिले, तर उत्तरही बदलते.

एक सावधगिरी मात्र हवी. थीलनइतकेच कष्ट करूनही कायमचे बाहेर राहिलेले पुष्कळ असतात. त्यांच्या कथा छापून येत नाहीत. म्हणून ‘कष्ट कर, जागा मिळेलच’ असे वचन मुलाला देऊ नये. काय कमी पडते आणि पुन्हा कधी पाहणार, हे त्याला स्पष्ट सांगावे. एवढा त्याचा हक्क आहे.

५. बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या संघात वर्षभर कडेला बसलेले मूल कोणते? त्याला शेवटचे केव्हा खेळवून पाहिले?
• त्याला न निवडण्याचे कारण आपण त्याला सांगितले आहे का?
• त्याच्यासाठी दुसरी एखादी जागा करून पाहता येईल का?