एकच धुरा, बारा महिने

साहित्य : कोणताही मोबाइल, खुणेचा दगड, खिशात मावेल अशी वही आणि डोक्याला रुमाल.

हदगावचा फोटो काढायचा म्हटलं की पाय आधी दत्तबर्डीकडं वळतात. चढा, पण फक्त जागा हेरायला. उंचावरून बघायची सवय आपल्याला सह्याद्रीनं लावली. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’तले (२०१०) किल्ले आभाळातून शोभतात, कारण तिथं जमिनीलाच चढ-उतार आहेत. आपलं रान सपाट, काळं. त्याच्यात बदलतं ते ऋतूंमुळं. म्हणून खाली उतरून एकच धुरा धरायचा आणि वर्षभर तो सोडायचा नाही.

समोर रान, कडेला एखादी बाभूळ, मागं मोकळं क्षितिज, एवढं पुरे. नदी हवी असेल तर पैनगंगेचा काठ घ्या, पुराचं पाणी चढणार नाही असा. अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं यवतमाळ. पण फोटोत हद्द दाखवायचा अट्टहास नको, ती दिसत नसते.

उभं राहायच्या जागी दगड पुरा. मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर. झूम नाही. पडद्यावरची जाळी चालू करून क्षितिज वरच्या रेषेवर ठेवा. पावसाळी ढग बघून आभाळ जास्त घ्यावंसं वाटेल; तो फोटो वेगळा काढा, ठरलेली चौकट हलवू नका.

वेळ घड्याळावर नव्हे, सूर्योदयावर बांधा : उगवल्यापासून अर्ध्या तासानं. इथं सूर्य जूनच्या उत्तरार्धात पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. त्यामुळं बाभळीची सावली वर्षभर फिरत राहते. भर दुपारी फोटो काढू नये म्हणतात. मेच्या मध्यावर मात्र सव्वाबाराच्या सुमारास मुद्दाम काढा. सूर्य नेमका डोक्यावर, सावली खोडापाशी गोळा. मराठवाड्याचा उन्हाळा सोनेरी उजेडात कसा सापडणार?

खरी मेख काळ्या मातीची. चौकटीत अंधार जास्त आहे असं समजून मोबाइल उजेड वाढवतो, माती राखाडी पडते आणि आभाळ पांढरंफटक होतं. मातीवर बोट टेकवा, बाजूला येणारी सूर्याची खूण हळूहळू खाली ओढा, ढेकळं काळी दिसेपर्यंत. ओली माती आणखी खाली मागते. कापूस फुटल्यावर नेमकं उलटं होऊ शकतं. तेव्हा खूण किंचित वर.

मृगाआधीची नांगरट, दसऱ्याच्या आगेमागे पिवळं पडलेलं सोयाबीन, उन्हाळ्याच्या तोंडी शिजणाऱ्या हळदीची वाफ, हे चुकवू नका. वेचणीला बाया असतील तर “मावशी, काढू का?” विचारा, नको म्हणाल्या तर मोबाइल खिशात.

प्रत्येक फोटोची तारीख, पीक आणि शेवटचा पाऊस वहीत लिहा. वर्षाअखेर पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून त्या रानाच्या मालकासमोर आखाड्यावर ओळीनं मांडा. तुम्ही गप्प राहा. ते जे दाखवतील, ते त्या फोटोच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून घ्या.