नलिका काढली तर बीजांचं काय?

प्रश्न : वय ३३. माझ्या दोन्ही गर्भनलिकांत पाणी भरलंय. आयव्हीएफआधी त्या काढायला सांगितल्यात. सासूबाई म्हणतात, अंडाशय कमजोर होईल, पाळी लवकर जाईल. खरं आहे का?

उत्तर : ताई, बीजं अंडाशयात असतात, नलिका ही त्यांची वाट. ती काढल्याने पाळी जात नाही. तरी शंका रास्त आहे. अंडाशयाला रक्त देणाऱ्या काही बारीक रक्तवाहिन्या नलिकेखालच्या पातळ पडद्यातून जातात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तिथे जास्त भाजलं गेलं, तर त्या बाजूचा रक्तपुरवठा घटू शकतो. म्हणून जाणता सर्जन नलिकेला अगदी चिकटून कापतो, पडद्याला शक्यतो हात लावत नाही. असं केल्यास बहुतेकींच्या एएमएचमध्ये, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचणीत, फारसा फरक पडत नाही.

पाणी तसंच ठेवणं मात्र महागात पडतं. ते गर्भाशयात झिरपतं आणि आयव्हीएफला यश येण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर आणतं. आयव्हीएफचं नलिकांवाचून अडत नाही: १९७८ मध्ये जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या आईच्याही नलिका बंदच होत्या.

शस्त्रक्रियेआधी एएमएच तपासा, सोनोग्राफीत बीजपुटकं मोजून घ्या. बीजांचा साठा कमी असेल, तर आधी बीजं काढून गर्भ गोठवावेत आणि नलिकांचं मग बघावं, असं माझं मत. पोटात आतडी फार चिकटलेली असतील, तर नलिका न काढता गर्भाशयालगत क्लिप लावून ती बंद करता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा.